बत्ताशानं माझी हाक ऐकली

काल सकाळी आमच्या अंगणात मी जिंकले! समोर कापसाच्या गाड्या उभ्या, पोरगा गणपत गाडीवर, आणि सगळ्यांच्या देखत मी जिंकले. अक्षरं वाकडी आली तर समजून घ्या बायांनो... वडिलांनी धूळपाटीवर अर्धीच बाराखडी शिकवली, मग लग्नच लावून दिलं.

तर, बत्ताशा म्हणजे आमचं कुत्र्याचं पिल्लू. अंजनगावची माझी बहीण आली तेव्हा विड्याच्या पानांच्या टोपलीत घालून घेऊन आली. पांढरंशुभ्र, गोल, जत्रेतल्या बत्ताशासारखं... म्हणून मी तेच नाव ठेवलं. गणपत म्हणाला, "माय, हे नाव हाय का मिठाईचं दुकान?"

आता यंदाचं तुम्हाला ठाऊकच आहे. सातासमुद्रापार गोऱ्या लोकांची कुठं लढाई चालू आहे म्हणे, तिकडचा कापूस अडलाय, आणि भाव चढलाय आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला! लढाई त्यांची, आणि झोप उडाली आमची. घरात कापूस, ओसरीत कापूस, अंगणात तर डोंगर... देवघरसुद्धा अर्धं भरलं, देवाला म्हटलं जरा सरकून बस.

आणि बत्ताशाला झोपायला तोच डोंगर आवडायचा. ऊबदार, मऊ... त्याचं तरी काय चुकलं? पण एक दिवस कापसाचा दलाल आला, त्यानं मूठभर कापूस उचलला, त्यातून कुत्र्याचे केस ओढून काढले आणि चार लोकांत हसला. गणपतचं तोंड एवढंसं झालं.

दलाल गेल्यावर तो माझ्यावर उखडला. "थे तुह्यं आयकत नाई, कोनाचंच आयकत नाई. गाड्या निघायच्या आत हाकेले आलं तं ठीक... नाई तं अकोटच्या बाजारात सोडून देतो त्याले!"

एवढासा जीव, बाजारात बैलांच्या पायाखाली... मी हाका मारायला लागले. मी जितकी ओरडे तितकं ते लांब पळे, थेट ढिगाच्या मागं. मला वाटलं, बहिरं आहे की काय हे!

मग एका दुपारी ओसरीत गहू निवडत बसले होते. आमची सून सखू झाडू घेऊन धावली, "बत्ताशा! उतर मेल्या!" गडी ओरडला, "बत्ताशा, हड्!" आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला... अगं बाई, या घरात त्याचं नाव घेतलं की मागून झाडूच येतो! नाव त्याला चांगलंच कळत होतं. नाव म्हणजे पळा, एवढं ते शिकलं होतं.

मी तिथंच फर्मान काढलं. हाकलायचं तर नुसतं हड् म्हणा, नाव कोणी घ्यायचं नाही. सखू म्हणाली, "असं कसं जमन, आत्याबाई? तोंडात बसलं ना आता."

म्हटलं, "नवऱ्याचं नाव घेते का तू? मंग तसंच ह्याचंबी घेऊ नको."

"म्हंजे आता दोघं झाले का मले!" म्हणून ती अशी हसली की हातातला झाडू गळून पडला.

त्या दिवसापासून नाव फक्त माझ्या तोंडी. गोठ्यामागं जाऊन बसायचं, भाकरीच्या तुकड्याला लोणी लावायचं आणि अगदी हळू म्हणायचं, बत्ताशा... आधी त्याचा नुसता कान हलला. मग मान वळली. मग भीत भीत आलं, तुकडा घेऊन पळालं. पुढं तर मी आडोशाला असले तरी येऊ लागलं. पण गोठ्यामागची गोष्ट वेगळी, भरल्या अंगणात येईल का, याची माझी मलाच खात्री नव्हती.

आणि काल गाड्या निघायचा दिवस. आदल्या संध्याकाळी अर्ध्या भरून ठेवलेल्या... जू जमिनीला टेकलेलं, म्हणजे पिल्लालाही चढता येईल असा उतारच. सकाळी गाडी सरळ करून गणपत आणि गडी वर चढले, कापूस तुडवून दाबायला. मी भाकर घेऊन गोठ्यामागं गेले तर बत्ताशा नाही. ओसरीत नाही, ढिगात नाही...

मी तिथूनच ओरडले. "गणपत, पाय उचलू नको! थे गाडीत असन!"

मग काय, सगळेच लागले ओरडायला, बत्ताशा, बत्ताशा! मी म्हटलं, "तोंडं बंद करा सगळे! तुमच्यानं थे अजून खाली जाईन." अंगण चिडीचूप. गणपत वर तसाच उभा, एक पाय हवेत... बगळ्यासारखा.

मी गाडीजवळ गेले आणि गोठ्यामागं म्हणते तसंच म्हटलं, हळू... बत्ताशा.

काही नाही. पुन्हा म्हटलं. आणि गणपतच्या पायाखालीच कापूस हलला... आधी काळं नाक, मग सगळा बत्ताशा! अंगाला कापूस चिकटलेला, डोळे अर्धवट मिटलेले. एवढ्या माणसांतून धडपडत आला आणि गाडीवरून थेट माझ्या ओटीत उडी! भाकर तर मी कधीच कुठंतरी टाकली होती. तो आपला माझी रिकामी बोटं चाटत बसला.

गणपत खाली उतरला. घाम पुसला. मग म्हणाला, "माय... कसं म्हनतं तू? मलेबी शिकव." मी म्हटलं, "पह्यले लोनी घेऊन ये, मंग!"

गाड्या अकोटला गेल्या, बत्ताशा माझ्या मांडीवर राहिला. या गडबडीत म्हाताऱ्या बाईच्या हाकेला ओ द्यायला वेळ कोणाला असतो सांगा... काल एक जीव ऊब सोडून, झोप सोडून धावत आला. देवाचे उपकार, मला एवढं सुख पुष्कळ झालं.