मावशींच्या बांधाचा कोपरा

सिव्हिलच्या मुलांना जमिनीची धूप शिकवायला मला मनापासून आवडतं, आणि मी ती चांगली शिकवतो. हे दुसऱ्या कुणी म्हणावं याची मी वाट बघत नाही. पुलांचा विषय निघाला की मुलांचे डोळे चमकतात, मातीचं नाव काढलं की मागच्या बाकांवर जांभया सुरू होतात. म्हणून दर उन्हाळ्यात मी त्यांना शिनोलीच्या पुढे डोंगरउतारावर नेतो. तिथे एका मावशींची एकाखाली एक अशी दोन भातखाचरं आहेत. वरच्या खाचराचा बांध जुना, दर पावसाळ्यात थोडा थोडा खचायचा आणि माती वाहून जायची. खालच्या खाचरातल्या तांदळावर मावशींच्या घराचं वर्षभराचं जेवण चालतं.

पहिल्या वर्षी मी छाती काढून म्हणालो, "मावशी, यंदा तुमचा बांध हलणार नाही."

मुलांनी दगड रचले, माती चोपली, बांध हातभर उंच केला. काम झकास झालं. एकच गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपत होती. बांधाच्या एका कोपऱ्यात, जिथे खाली कातळ उघडा होता, तिथे मावशींनी दोन हात रुंद मोकळी जागा सोडली होती. मी ओतूरचा, कमी पावसाच्या भागातला. आमच्याकडे बांधाला भोक दिसलं की माणूस आधी ते बुजवतो, मग चहा पितो. पाणी आपल्या वावरातून बाहेर जाणं म्हणजे आपली म्हैस दुसऱ्याच्या गोठ्यात पान्हावण्यासारखं.

"ते नगा बुजवू, सर," मावशी म्हणाल्या. "पानी जाया पायजे. कोंडलेलं पानी ऐकत न्हाई."

"जाईल ना," मी नाकाने कांदे सोलत म्हणालो, "पण मोजून जाईल!"

पाऊस, उतार, क्षेत्रफळ, सगळं गणित मुलांकडून करून घेतलं. बांधाच्या बरोबर मधोमध सिमेंटचा पाइप बसवला आणि कोपरा दगडमातीने बंद केला. मावशी खालच्या खाचरात आपल्या कामाला गेल्या. त्यांना पटलं, असं मी धरून चाललो.

आषाढात, भाताची लावणी होऊन आठवडा झाला होता, तेव्हा त्यांचा फोन आला. "या. बगून जा."

मुलांना घेऊन गेलो. गणित चुकलं नव्हतं. आजही मी ते फळ्यावर तसंच मांडीन. पण डोंगरावरून पाण्याबरोबर पालापाचोळा येतो, गवत येतं, करवंदीच्या फांद्या येतात, आणि त्यातलं काहीच आम्ही धरलं नव्हतं. पाइप तुंबला, पाणी बांधावर चढलं आणि बांध मधोमध फुटला. वरची माती खालच्या खाचरात येऊन बसली होती. कोवळी रोपं गाळाखाली गेली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला फार लाज वाटली.

"कोपऱ्यात कातळ हाय," मावशी मुलांसमोरच म्हणाल्या, आवाज न चढवता. "तितनं किती बी पानी गेलं तरी माती जात न्हाई. आमच्या सासऱ्यानं बगून ठेवल्यालं व्हतं. तुमी इचारलं बी न्हाई."

खरंच विचारलं नव्हतं. दोन दिवस आम्ही घमेल्यांनी गाळ उपसला, बांध सांधला, कोपरा उघडला. शेजाऱ्यांकडे उरलेली रोपं आणून लावली, ती अर्ध्या खाचरालाच पुरली. त्या वर्षी मावशींच्या घरी तांदूळ दुकानातून आला. हे मी दर बॅचला सांगतो, आणि सांगताना माझा आवाज अजून खाली येतो.

पुढच्या उन्हाळ्यात गेलो, तर मावशी फावड्यांच्या ढिगापाशी उभ्या. प्रत्येकाला एकच प्रश्न, "पानी कुठनं जाईल?" कोपरा दाखवला त्याला फावडं. इकडेतिकडे बघत राहिला त्याला, "जा, वर चढून बगून ये." तेव्हापासून हीच आमची प्रात्यक्षिक परीक्षा आहे, आणि कॉलेजातल्या परीक्षेपेक्षा कडक आहे.

रांगेत शेवटचा मी. विचारायच्या आधीच कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि फावड्यासाठी हात पुढे केला. मावशींनी हातात घमेलं दिलं.

"तुमी माती उचला, सर. बांधाला हात पोरं लावतील."

त्यानंतर बांध एकदाही फुटलेला नाही. मी अजून घमेलंच उचलतो.