माळ्यावरची ताटं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखीच्या माणसांसमोर खरं बोलायची धमक माझ्यात कधीच नव्हती.

मी परळच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते, विभागप्रमुख आहे. चार वर्षांपूर्वी आमच्याकडे खाद्यसंस्कृतीच्या इतिहासाचा नवा पेपर आला. तो शिकवायला वर्षभरासाठी, तासिका तत्त्वावर, माणूस हवा होता. म्हणजे जितके तास घ्याल तितकीच तुमची नोकरी. सुट्टी लागली की घरी बसा. तेवढ्यासाठीही रांग लागली होती. त्या रांगेत मेघना होती.

लालबागची मुलगी. तिशी उलटलेली, सहा वर्षं अशाच तासिकांवर या कॉलेजातून त्या कॉलेजात फिरलेली. यंदा नाही जमलं तर शिकवणं सोडावं लागेल, घरचे आता थांबणार नाहीत, असं तिने प्राचार्यांना सरळच सांगितलं. डेमो लेक्चरला तिने विषय घेतला होता — गिरणगावातल्या खाणावळी. ऐकलं आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं.

का? सांगते. माझी आई गृहिणी होती, असं मी कॉलेजात पंचवीस वर्षं सांगत आलेय. खोटं आहे ते. आईची डिलाईल रोडला खाणावळ होती. चाळीतल्या दोन खोल्यांत गिरणी कामगार पाळीपाळीने जेवायला बसायचे. आई त्यांना मेंबर म्हणायची. त्यांच्या उष्ट्या ताटांच्या ढिगाशेजारी बसून मी अभ्यास केला आणि त्याच ढिगावर पाय देऊन वर चढले. मग लाज कसली वाटत होती? फ्रॉकला येणाऱ्या वाटणाच्या वासाची? की सहकाऱ्यांच्या डब्यांसमोर मी कमी ठरेन याची? काहीही असो, ती काही सबब नव्हे.

मेघना फार सुंदर बोलली. प्रत्येक मेंबरचं स्वतःचं पितळी ताट असे, त्यावर नाव आणि गाव कोरलेलं. दुसऱ्याच्या ताटात कुणी जेवत नसे. मेंबर गावी गेला तरी खाणावळवाली त्याचं ताट कुणाला देत नसे, माणूस परत येणार म्हणून. ब्याऐंशीचा गिरणी संप लांबला तसे मेंबर ‘येतो परत’ सांगून कोकणात गेले आणि ताटं मागे राहिली. हे सगळं तिने म्हाताऱ्या कामगारांकडून ऐकलं होतं. ऑफिसातला शिपाईसुद्धा दारात उभा राहून ऐकत होता.

प्रश्न मी विचारला. मीच.

“पुरावा काय? यातलं एक तरी ताट तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय?”

“नाही मॅडम. सगळी मोडीत गेली असावीत. खाणावळ चालवलेली एकही बाई हयात सापडत नाही. तुमच्या माहितीत आहे का कुणी?”

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा माझ्या काखेत होता आणि वळसा तिला पडत होता. माझी आई तेव्हा दादरला माझ्या घरी, आतल्या खोलीत पलंगावर होती. आणि आमच्या माळ्यावर, गोणपाटात बांधलेली, एकोणीस ताटं होती. गोविंद परब, कणकवली. सखाराम घाडी, देवगड. सगळी नावं मला पाठ होती.

“नाही,” मी म्हटलं.

प्राचार्यांचा कल तिच्याकडेच होता. तो मी फिरवला. ऐकीव गोष्टींना इतिहास म्हणत नाहीत, असं ठासून सांगितलं आणि शेऱ्यात लिहिलं: पुराव्याचा अभाव. सही माझी.

इथे थांबले असते तर? पण नाही थांबले. ही पोरगी शोधत शोधत डिलाईल रोडवरून माझ्या दारात येईल, ही भीती डोक्यात बसली. त्याच रविवारी ताटं खाली काढली आणि भांडीवाल्याकडे मोडीत घातली. माझी नव्हतीच ती. आईचीही नव्हती. ती लोकांची ठेव होती.

आईचं भान तेव्हा जात-येत असायचं. त्या संध्याकाळी नेमकं ते जागेवर होतं. माळा उघडा पाहून तिने विचारलं, “ताटां खंय गेली गो?”

“मेंबर घेऊन गेले, आई.”

तिने पुन्हा रिकाम्या माळ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “उपाशीच गेले?”

मी माळा बंद केला. त्या रात्री ती जेवली नाही. पुढे वर्षभर, जाईपर्यंत, पानावर बसली की आधी दाराकडे बघायची.

मेघना शिकवणं सोडून एका विमा कंपनीत लागली, असं ऐकलं. तो पेपर आता मीच शिकवते. खाणावळींवर एक तास असतो — सगळा तिच्या लेक्चरमधला, तिचं नाव न घेता. दर वर्षी कुणीतरी विद्यार्थी विचारतो, मॅडम, ती ताटं गेली कुठे?

सगळी मोडीत गेली असावीत, असं मी सांगते.