दादाचं दार
तार आली तेव्हा मी अमरावतीत, ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसले होते. धाबं बसलं, दादा गेले, लवकर या... एवढंच. धाबं म्हणजे आमच्या वऱ्हाडातलं मातीचं सपाट छत. जे घर राखायला माझा थोरला भाऊ साऱ्या गावाशी भांडला, त्याच घराचं छत त्याच्या अंगावर आलं. दीड महिना होत आला, माझा राग काही जात नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये, हे मलाही कळतं. तरी रागावते.

गाव अकोल्याच्या पलीकडचं; नाव मुद्दाम लिहीत नाही, वहिनीला तिथेच दिवस काढायचेत. दादा शाळेत चित्रकला शिकवायचा. आमच्या घराला सागवानी कोरीव दार, वर पोपटांची पट्टी असलेला सज्जा. महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास लोक धाबी पाडून स्लॅब टाकायला लागले, आणि अशी दारं जळाऊ लाकडाच्या भावात जायला लागली. तेव्हा नगरपालिकेने ठराव केला, जो जुन्या घराचा दर्शनी भाग जपेल त्याला घरपट्टी माफ. पहिलं नाव दादाचं. दाराशेजारी निळ्या पत्र्याची पाटी लागली. पाटी लावायला आलेले सभासद चहा पिता पिता सहज म्हणाले, "मास्तर, आता घर हाय तसंच ठेवजा बरं." दादा उठून उभाच राहिला. "येका खिळ्यालेबी हात लावनार नाही. जबान देतो तुमाले."

आणि त्याने ती पाळली, तिथेच घात झाला. धाब्याची रीत आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. उन्हाळा संपता संपता वरची जुनी माती खरडून उतरवायची, मग नवी खारी माती पसरून चोपायची. दादाने खरडणं बंद केलं. जुनं काही काढायचं नाही म्हणजे नाही! पण धाबं गळू नये म्हणून नवी माती मात्र दर साली चढत राहिली, थरावर थर.

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेले होते, तीच शेवटची भेट. मधल्या खोलीतली तुळई खाली वाकलेली मला अंथरुणावरूनही दिसत होती. वहिनी म्हणाली, "माती उतरवा हो. तुळई पोट काढून राहिली." दादा हसला, "घर म्हातारं झालं, थोडं वाकनारच."

मी चिडले. "दादा, घर तुयासाठी हाय का तू घरासाठी?"

तो म्हणाला, "कुसुम, सारं गाव तोडून राहिलं. शाळेतली पोरं या दारासमोर बसून चित्र काढतात. हे बी गेलं तं काय दाखवू मी त्याईले?"

दुसऱ्या दिवशी मी अमरावतीची गाडी धरली.

श्रावणात झड लागली ती थांबेचना. वरची माती पाणी पिऊन जड होत राहिली. त्या दुपारी दादा मधल्या खोलीत मुलांची चित्रं तपासत बसला होता. वहिनी परसात गोवऱ्या झाकायला गेली, म्हणून वाचली.

तेरवीला तेच सभासद आले. डोळे पुसत म्हणाले, "मास्तरनं येकदा इचाराले पायजे होतं जी. अट निस्ती दर्शनी भागाची होती. धाबं कसंबी केलं असतं तं कोन अडवनार होतं?" मला तिथून उठून जावंसं वाटलं.

दर्शनी भाग शाबूत आहे. दार, सज्जा, पोपट, पाटी, सगळं जागच्या जागी. मागे मातीचा ढीग आणि वर आभाळ. वहिनी शेजारी राहते. दादा रोज सकाळी फडक्याने दाराला जवसाचं तेल लावायचा, ते आता ती लावते आणि बाहेरून कडी घालते. निघताना मी तिला विचारलं, "वहिनी, कडी काहून घालतेस? आत काय राहिलं आता?"

तिने फडकं पिळलं. "पोरं अजून येतात ना चित्र काढाले. उघडं दिसलं तं भेतात."