नुसते ओठ हलव

आज माझी सुट्टी आहे. एसटीच्या कंडक्टरला आठवड्यातून एकदा मिळते ती. जेवण झालंय, फरशीवर चटई टाकून मी आडवी झालेय आणि डोळे मिटतच आलेत, तेवढ्यात कपाटाच्या आरशासमोर उभी असलेली माझी ईश्वरी दिसते. हात मागे बांधलेले, मान ताठ, आणि तोंड उघडतंय, मिटतंय. आवाज मात्र नाही. आधी वाटतं, झोपेनं माझेच कान बंद झालेत. पण पंखा तर ऐकू येतोय.

"काय करतीयास गं?"

"समूहगीताची तयारी. उद्या स्पर्धा आहे ना."

"मग आवाज कुठं गेला?"

"मला आवाज नाही काढायचा. मॅडम म्हणल्या, तुझा आवाज जाड आहे, तू नुसते ओठ हलव. आपल्या वस्तीतल्या सगळ्याच पोरींना तसं सांगितलंय." माझा चेहरा बघून ती घाईनं पुढं म्हणते, "पण मला घेतलंय ना, मम्मी! उंचीला बरोबर बसते मी."

माझ्या अंगाचा तिळपापड होतो. हे वाक्य मी ऐकलेलं आहे. याच शाळेत, याच गाण्यासाठी, मी सहावीत असताना. आमच्या इनामदारबाईंनी चाल लावलेलं ते गाणं शाळेनं अजून जपून ठेवलंय, आणि त्याच्याबरोबर हेही जपलंय.

संध्याकाळी रंगीत तालीम आहे. तिला सोडायला मलाच जायचंय. जाऊन बोलायचं का मॅडमशी? गच्च भरलेली बस माझ्या एका हाकेवर मागं सरकते, पण त्या शाळेच्या ऑफिससमोर उभी राहिले की माझी वाचाच बसते. पालकसभेला डॉक्टर, वकील खुर्च्यांवर बसतात, आम्ही वस्तीवरचे भिंतीला टेकून उभे राहतो आणि माना डोलावून परत येतो. आज मात्र बोलायचंच, असं मी ठरवते. मग वाटतं नको, पोरीला रांगेतूनच काढून टाकलं तर? बोलू की नको, बोलू की नको करता करता डोळा लागतो.

पंख्याची घरघर वाढत जाते. बस चढाला लागलीय. माझ्या गळ्यात तिकिटाचं मशीन आहे आणि मी दांड्याला धरून पुढं सरकतेय. बस रिकामी आहे. फक्त माझ्या सीटवर, कंडक्टरच्या जागेवर, इनामदारबाई बसल्यात. मांडीवर बाजाची पेटी, अंगावर ती फिक्या निळ्या काठाची साडी, आणि पावडरचा वास.

त्या आम्हाला मराठी आणि गाणं शिकवायच्या. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्या गेल्या त्या दिवशी मी ड्यूटी संपवून परस्पर त्यांच्या घराकडे गेले होते आणि फाटकाबाहेरूनच हात जोडून आले होते.

"बाई, तुम्ही तर गेला होता."

"गेलेलीच आहे गं. म्हणून काय तालीम चुकवायची?" त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघतात. "अशी मध्येच का उभी? रांगेत जा बघू."

आणि मी जाते. बस थांबलेली नाही, तरी मी पायरी उतरते आणि पाय पडतो तो शाळेच्या सभागृहातल्या लाकडी स्टेजवर. अंगात गणवेश आहे, वेणीला कडक नवी रिबीन. तिकिटाचं मशीन मात्र तसंच गळ्यात.

पुढच्या रांगेत डॉक्टरांची मृण्मयी, वकिलांची केतकी, हेडसरांची भाची. मागच्या रांगेत आम्ही, खाणीजवळच्या वस्तीतल्या. आम्ही वडार. आईबाप दगड फोडणारे, घरात सगळे वडारी बोलणार. मराठी आम्हाला शाळेतच भेटली, आणि भेटल्या भेटल्याच चुका काढायला लागली. पण स्पर्धेच्या दिवशी शाळेनं आम्हाला इस्त्रीचा गणवेश दिला होता. लांबून बघणाऱ्याला सगळ्या पोरी एकसारख्या दिसत होत्या. आम्ही नुसतं दिसायचं होतं.

बाई वाटी घेऊन फिरतात. वाटीत खडीसाखर आहे, गाण्याआधी घसा मोकळा व्हावा म्हणून. मृण्मयीला एक खडा, केतकीला एक, भाचीला एक. आमच्या रांगेपाशी येऊन त्या वळतात.

"आम्हाला बाई?"

"तुमचा घसा कुठं लागणार आहे गं आज?" असं म्हणून त्या हसतात, गालाला हातही लावतात. त्यांच्या मनात काही वाईट नाही. त्या खाष्ट असत्या तर मी त्यांना चार शिव्या घालून कधीच विसरले असते. पण मायेनं बोलल्या, म्हणून इतकी वर्षं जळतेय.

पेटी वाजते. "एका सुरात गाऊ आम्ही, एका वाटेनं जाऊ." समतेचं गाणं आहे, अर्ध्या पोरींची तोंडं बंद करून म्हटलेलं. मी ओठ हलवते. शेजारची पोरगी माझ्याकडे बघून ओठांनीच काहीतरी म्हणते आणि मला ते कळतं. मागच्या रांगेत उभं राहून राहून आम्ही एकमेकींचे ओठ वाचायला शिकलो होतो. त्या शाळेत आम्ही चांगलं शिकलो असं तेवढंच.

मी एक पाऊल मागं टाकते तर पाठीला बाक लागतो. समोर फळा आहे. पाढे चाललेत, सगळा वर्ग एका आवाजात ओरडतोय आणि माझे ओठ हलतायत. सतराच्या पाढ्याला, मग कवितेला, मग इंग्रजीच्या धड्याला. गाण्यात जे चाललं ते सगळीकडेच चालतं, हे मला एव्हाना कळलंय. बाई बाकाशेजारून जातात, माझं हलणारं तोंड बघतात आणि समाधानानं पुढं सरकतात. वाकून कान कुणी लावत नाही. दंगा नाही, बडबड नाही, गुणाची पोरगी.

"बाई, मला पाढा येत नाही," मी म्हणते.

त्या थांबतात. "मग कधी बोलली का नाहीस?"

"तुम्हीच म्हणला होता की, आवाज काढू नको."

"अगं, ते गाण्यापुरतं होतं!"

"मला कुणी सांगितलं ते गाण्यापुरतं आहे म्हणून? मी सहावीतली पोर. बाई म्हणल्या गप्प बस, मी बसले. दहावीपर्यंत बसले."

फळ्यासमोरच आता टेबल आलंय. टेबलामागं तोंडी परीक्षेचे बाहेरून आलेले सर. ते म्हणतात, बोल. मी ओठ हलवते. ते म्हणतात, मोठ्यानं बोल. माझे ओठ हलत राहतात. ते घड्याळ बघतात आणि पुढच्या मुलीला हाक मारतात. त्या वर्षी मी दहावी नापास झाले. पुढं बाहेरून बसून, धडपडत पास झाले तेव्हा मृण्मयी डॉक्टरकीला होती.

"तिचं वेगळं होतं गं," बाई म्हणतात. मी मनातल्या मनात बोललेलं त्यांना ऐकू गेलंय. आम्ही परत बसमध्ये आहोत, त्या माझ्या सीटवर, मी उभी. "तिचा गळाच गोड. देवाची देणगी."

"देवाची न्हाई बाई, तुमची! दर रविवारी तुम्ही पेटी घेऊन तिच्या घरी शिकवायला जात होता. तिची आई थर्मासातनं कोमट पाणी पाठवायची. आमची खाण शाळेच्या मागंच होती. किती वेळा आला तिकडं? या शाळेच्या पायात माझ्या आज्ज्यानं घडवलेला दगुड हाय, आणि तुम्हाला आमच्या वस्तीची वाट ठावं न्हवती."

"आवाज चढवू नकोस."

"चढवणार! तिचा आवाज तुम्ही तयार केला. माझा तयार सापडला न्हाई म्हणून बंद केला. मग शाळा असती कशाला? घरनं शिकून येणाऱ्याला बक्षीस द्यायला?"

बाई पेटीचा भाता उगाच उघडमीट करतात. "वेळ कुठं होता गं? स्पर्धा तोंडावर आलेली, वर्गात साठ पोरं. परीक्षकांना काय आवडतं ते मला माहीत होतं. आणि ढाल मिळाली ना आपल्याला? फोटोत तूही आहेस."

"हाय की. उंचीला बरोबर बसत होते ना."

खिडकीबाहेर ऊस जायला हवा, त्याऐवजी शाळेचा व्हरांडा जातोय, एकामागून एक वर्ग, आणि प्रत्येक वर्गात मागच्या बाकांवर ओठ हलतायत. मला आठवतो तो नोकरीचा पहिला दिवस. ड्रायव्हर निकमदादा म्हणाले होते, "ताई, मला मागचं काय दिसत न्हाई. तुम्ही मोठ्यानं वरडला तरच गाडी हलणार." माझ्या आवाजावाचून कुणाचं तरी अडतं, हे मला तिथं कळलं. ते शाळेत कळायला हवं होतं, बाई. त्यासाठीच आईनं पाठवलं होतं मला, पाटी डोक्यावर देऊन खाणीत न नेता.

"घे," बाई वाटी पुढं करतात. वाटीत एकच खडा उरलाय. "आता घे. माझी मुलगी ना तू."

मी हात मागं घेते. "मला नगं आता. मला त्या वेळंला पायजे होता."

"रागावलीस."

"रागावू नको तर काय करू? तुम्ही जाऊन एवढी वर्षं झाली, तुमचं वाक्य अजून शाळेतनं गेलं न्हाई. माझ्या पोरीलाबी तेच सांगितलंय, नुसते ओठ हलव. तीबी उड्या मारत घरी आली, मला घेतलं म्हणून. लाज वाटाय पायजे ती तिला न्हाई वाटली, मला वाटली. तुम्हाला काय वाटतंय का?"

मागं काहीतरी हलतं. मी वळते. बसच्या शेवटच्या सीटसमोर ईश्वरी उभी आहे, मागच्या रांगेतल्या माझ्या जागेवर, माझी रिबीन बांधून. तिचं तोंड उघडतंय, मिटतंय. आवाज नाही.

"गा की," मी म्हणते.

ती माझ्याकडे बघत नाही, बाईंकडे बघते. बाईंचे ओठ आता हलतायत, पण त्यांचाही आवाज येत नाही. मला वाटतं माफी मागतायत. एवढ्या वर्षांनी का होईना, असं वाटून माझं मन क्षणभर निवतंही. मी जवळ जाते, ओठ वाचते. त्या म्हणतायत, हळू. परीक्षक ऐकतील.

बस्स. माझा तोल जातो. मी दांडा सोडते, छाती भरून घेते आणि गायला लागते. चाल चुकते, चुकू दे. आवाज जाड लागतो, लागू दे. "एका सुरात गाऊ आम्ही!" बसच्या काचा थडथडतात, वाटीतला खडा टुणकन उडून खाली पडतो. बाई कानांवर हात ठेवतात. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, खाणीतल्या सुरुंगानंतर माणसं एकमेकांना हाका मारतात तशी, घसा फाटेपर्यंत.

"मम्मी! ए मम्मी!"

पंखा फिरतोय. भिंतीवर तिरकं ऊन आलंय. ईश्वरी गुडघ्यांवर बसून माझा खांदा हलवतेय. तिनं गणवेश घातलाय, वेण्या घालून झाल्यात.

"तू झोपेत गाणं म्हणत होतीस! आमचंच! केवढ्यांदा म्हणत होतीस. बाहेर ओट्यावर सगळ्या काकू गोळा झाल्यात, म्हणतायत तुझ्या आईला काय झालं."

मी उठून बसते. आता काही झालं तरी बोलायचं, आजच, मॅडमसमोर, हे मनात पक्कं आहे. तेच तिला सांगायला तोंड उघडते आणि आवाज येत नाही. पुन्हा बोलून बघते. नुसती हवा. घशात काटे रुतल्यासारखं दुखतंय. पाणी पिते, खाकरते, तरी फुसफुस. घसा पार बसलाय. इतकी वर्षं बसमध्ये ओरडून कधी बसला नाही तो आजच, जायच्या वेळेला. मला रडूच यायला लागतं.

ईश्वरी माझ्या तोंडाकडे बघतेय. एकटक, भुवया आवळून.

"थांब. परत म्हण," ती म्हणते. "हळूहळू."

मी ओठ हलवते.

"मॅडमना... सांगायचं..." ती एकेक शब्द उचलते, "पोरगी... गाणार. नाहीतर... रांगेत... उभी... राहणार नाही." तिचे डोळे मोठे होतात. "हे सांगायचंय? पण तुझा तर आवाजच गेलाय."

मी तिच्या छातीवर बोट ठेवते.

"मी?" ती रिबिनीचं टोक तोंडात धरते. "आणि काढून टाकलं तर?"

मी ओठांनी सांगते. तिला पहिल्या फटक्यात कळतं.

"तर दारात उभं राहून गाऊ," ती म्हणते, आणि खुदकन हसते. मग हसू आवरते, आरशासमोर जाते, हात मागे बांधते. या वेळी तोंड उघडतं तेव्हा आवाज येतो.

"मॅडम, मी गाणार. नाहीतर रांगेत उभी राहणार नाही."

आवाज खरंच जाड आहे तिचा, माझ्यासारखा. बाहेर ओट्यावरची कुजबुज थांबते. मी घसा धरून तिला खूण करते, अजून मोठ्यानं, आणि ती पुन्हा म्हणते.