टँकरवाल्याचं पाणी

"सही करून टाका मॅडम, सहा गावं त्याच्या टँकरची वाट बघतेत," चेअरमन फोनवर म्हणाले.

"त्याला चक्कर येऊन टँकर खड्ड्यात गेला तर कुणाची वाट बघायची?" मी विचारलं आणि फोन ठेवला.

मी सहकारी साखर कारखान्याच्या दवाखान्यात मेडिकल ऑफिसर होते. दुष्काळात कारखान्याने नेकनूरकडच्या गावांना टँकर दिला होता. ड्रायव्हर शेषेराव समोरच बसले होते. फास्टिंग शुगर, म्हणजे सकाळी उपाशीपोटी तपासलेली रक्तातली साखर, भलतीच वाढलेली. नजर अंधुक. फिटनेस सर्टिफिकेट मिळालं नाही तर नोकरी जाणार होती.

"गोळ्या घेता?"

"टायमावर."

"चहा?"

"बिनसाखरेचा. पेढ्याला सुदीक शिवलो न्हाई."

"उन्हात काय पिता?"

"पाणी. दुसरं काय?"

माणूस खोटारडा वाटेना, आणि रिपोर्ट तर मी दोनदा केलेला. मी वैतागले. दुसऱ्या दिवशी बदली ड्रायव्हर गाडीवर बसवला, शेषेरावांना शेजारी घेतलं आणि मीही केबिनमध्ये चढले.

पहिल्याच गावात एक म्हातारी तांब्या घेऊन आली. "घ्या दादा, पाणी." शेषेरावांनी घटाघट पिऊन टाकलं. तळाशी उरलेलं मी चाखून पाहिलं. गोडमिट्ट! उन्हातून आलेल्याला गूळपाणी द्यायची आमच्याकडची रीतच आहे. हा तर पाणी घेऊन येणारा, म्हणून गूळ दुप्पट. असे रोज सहा तांबे.

"हे बंद," मी म्हणाले.

"न्हाई म्हनता येत न्हाई, मॅडम." पुढे बौद्ध वस्ती दिसत होती. तिकडे बघत ते हळूच म्हणाले, "आमी मेंढरामागची मान्सं. तितं पाणी नाकारलं तर लोक काय समजतील?"

मीही अशाच वस्तीतली. माझ्या आईने पुढे केलेला तांब्या न घेता उठून गेलेले लोक मी पाहिलेत. शेषेरावांचं ऐकून मला भरून आलं. पण शुगरला त्याचं काय?

"नाकारू नका, मागा," मी म्हणाले. "आपणच आधी म्हणायचं, गूळ नको, तुमच्या माठातलं पाणी द्या."

वस्तीत कौसाबाई गुळाचा तांब्या घेऊन पुढे आल्याच. शेषेरावांनी हात जोडून माठातलं पाणी मागितलं.

"नुसतं? कावून?"

"शुगर हाय, माय."

कौसाबाईंनी घरातून पाणी आणलं. शेषेरावांनी ते संपवलं आणि आणखी मागितलं. कौसाबाई हसत पुन्हा आत गेल्या.

गोळ्या त्याच ठेवल्या. महिन्याभरात शुगर उतरली, नजर निवळली. मी सही केली.

आता कुणी "मी पाणीच पितो" म्हणालं की मी विचारते, त्यात काय घालून?