अकोबजींचा चंद्र आणि माझे वाल

आमचे मामंजी अकोबजी आपटेकर म्हणजे देवमाणूस, पण हट्टी किती! त्यांच्यापुढे आमच्या घाण्याचा बैल परवडला. आम्ही पनवेलचे इस्रायली, म्हणजे ज्यू. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. आमचे सण चंद्रावर चालतात. नवा चंद्र दिसला की तिथून दिवस मोजायचे. मुंबईहून तारखांचा छापील कागद यायचा, पण मामंजी म्हणायचे, "डोक्यावर आभाळ असताना कागदात काय बघायचं?" चाळीस वर्षं ते खाडीवर जाऊन चंद्र बघायचे आणि मशिदीत, म्हणजे आमच्या देवळात, येऊन सांगायचे. वीस घरं त्यांच्या शब्दावर उपास धरायची.

एकोणपन्नास सालची गोष्ट. आव महिना लागायचा होता. त्याच्या नवव्या दिवशी आमचा बिरड्याचा सण, यरुशलेमचं देऊळ पाडलं त्याचा शोक. आदल्या संध्याकाळी केळीच्या पानावर वालाचं बिरडं खायचं, मग दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही. आता हा महिना येतो भर पावसात. तेव्हा कसला दिसतोय चंद्र? पण मामंजींना दरसाल दिसायचा!

त्या सोमवारी छत्री धरायला मी गेले. आभाळ काळंकुट्ट. तेवढ्यात मामंजी ओरडले, "दिसला!" आणि प्रार्थना म्हणू लागले. मी बघते तर काय, आनंदा कोळी काठीला कंदील लावून बांधावरून चाललाय. मामंजींची प्रार्थना संपेस्तोवर त्यांचा चंद्र खाली उतरला आणि होडीत जाऊन बसला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

मशिदीत त्यांनी ताठ मानेनं सांगितलं, "दिसला." मी गप्प. बोलले असते तर चाळीस वर्षांची अब्रू एका कंदिलापायी गेली असती. आणि मंगळवारी संध्याकाळी अंगणात उभी असताना ढग जरा फाटले, तर खराखुरा चंद्र! नखाएवढा. म्हणजे मामंजींचा हिशेब एक दिवस पुढे गेला होता. उपास यायला हवा पुढच्या गुरुवारी, आणि वीस घरं तो बुधवारीच धरणार. पाप कुणाच्या माथी? तोंड मिटून बसलेल्या माझ्याच!

चार रात्री मला नीट झोप नाही. मग वाल आठवले. सगळ्या घरांचे वाल आमच्याच हंड्यात भिजायचे, अशी रीत. मामंजींच्या मोजणीनं ते रविवारी सकाळी भिजवायचे होते. मी रविवारी हंड्यात नुसतं पाणी भरून वर झाकण ठेवलं. वाल पडले सोमवारी.

मंगळवारी शेजारची दिनाबाई वाल सोलायला आली.

"अगं बाई, मोड कुठायत?"

"गारठा बघा ना किती पडलाय!" थापा मारण्यात मी कुणाला हार जात नाही.

ओरडा ऐकून मामंजी आले. मूठभर वाल घेऊन एकेक दाणा बोटांनी चाचपत राहिले. मग म्हणाले, "बिरड्यावाचून बिरड्याचा सण कसला? महिना एक दिवस मागं घेतो."

मशिदीत जाऊन त्यांनी हेच सांगितलं, तर एकच हशा पिकला. कुणीतरी विचारलं, "अहो अकोबजी, चंद्र कधी मागं घेतात का?"

"माणूस चुकतो," मामंजी म्हणाले. "वाल चुकत नाहीत."

हशाच्या वेळी त्यांचा चेहरा एवढासा झालेला मी पाहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुधवारी दुपारी मुंबईचा कागद एकदाचा आला, पावसात भिजून, पंधरा दिवस उशिरा. त्यात लिहिलेलं, गुरुवार! मग काय विचारता, कालचे हसणारेच म्हणू लागले, "अकोबजी ते अकोबजी! वालावरून महिना ओळखणारा माणूस!" मामंजींनी कागद हातातही घेतला नाही.

गुरुवारी संध्याकाळी उपास सुटला. मी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. ते घोटभर प्याले.

"मलका, पुढच्या महिन्याला छत्री मी धरतो. चंद्र तू बघ."

"मी कशाला? तुम्ही आहात की, मामंजी."

"नको गं पोरी," ते हळूच म्हणाले. "त्या सोमवारी चंद्र जरा चालत होता."