खैराचा कणा

आमच्या जूचंद्रच्या टेकडीवरून मुरमाची एक वाट उतरायची. मधे चिंचेजवळ तिला मोठं वळण होतं. देश स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, मी चौथीत होते. वरच्या आणि खालच्या आळीची पोरं त्या वाटेवर चार चाकांच्या फळ्या सोडून शर्यत लावत. एकाने बसायचं, बाकीच्यांनी ढकलायचं. मी दोन वर्षं ढकलत होते. मला बसायचं होतं. दुसरं काही नको होतं.

आमच्या आळीची गाडी माझ्या चुलतभावाची. चाकं म्हणजे आंब्याच्या ओंडक्याच्या चकत्या. पुढची दोन चाकं जोडणारा कणा दोरीने वळायचा. मागचा फळीखाली चामड्याच्या दोन फासांत फिरायचा आणि सगळा घोटाळा तोच करायचा. बांबूचा लावला तर तो भाराने मधे वाकला आणि चाकं फाकली. मग भावाने मिठागरावरची लोखंडी सळई आणली. ती जराही लवेना. वळणावर गाडीची मागची बाजू मुरमावरून सरकली आणि भाऊ निवडुंगात गेला. काटे मी काढले. काढताना म्हटलं, चांगला कणा मी आणला तर मी बसणार. त्याला दुखत होतं, हो म्हणाला.

तेव्हापासून मला घरात बसवेना. मोठ्या बहिणीचं लग्न तोंडावर होतं, बायकांनी घर भरलेलं. कोणी काम सांगितलं की मी मागच्या दाराने बाहेर. दिसेल ते लाकूड ठोकून बघायचे, गुडघ्यावर दाबून बघायचे. शेवटी हात लागला आमच्याच कोपऱ्यातल्या मुसळाला. खैराचं, भात कांडून गुळगुळीत झालेलं, सरळ. मुसळं दोन होती. आमच्याकडे हळदीला दोन मुसळं आंब्याच्या पानांनी एकत्र बांधतात आणि पाच सवाष्णी त्यांनी हळद कांडतात. हे मला माहीत होतं. माहीत असून नेलं.

अख्खं लावलं तर गाडी इतकी रुंद व्हायची की वाटेवर शेजारी दुसरी मावेना. फार आखूड केलं तर गाडी वळणावर उलटली असती. चार विती ठेवलं, बाकीचं कापलं. तरी गाडी वळेना, सरळ चिंचेवर जायची. मी बैलगाडीच्या चाकोऱ्या बघत बसले. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त चालावं लागतं. आमची मागची दोन्ही चाकं एकाच कण्याला ठोकलेली, मग ती कशी वळणार? उजवं चाक पाचर मारून घट्ट केलं. डावं सैल ठेवलं, त्याला वंगण लावलं, निघू नये म्हणून बाहेरून खुंटी घातली. गाडी वळली.

शर्यत नेमकी हळदीच्या दिवशी आली. मी वर फळीवर बसले होते. चाकाखाली दगड होता. खालच्या आळीची गाडी शेजारी लागत होती आणि तिच्यावरच्या पोराच्या दोरीचा गुंता काही सुटेना. माझे पाय एका जागी राहत नव्हते. तेवढ्यात आत्या चढण चढताना दिसली.

"मुसळ कुठं ठेवलंस?"

भाऊ म्हणाला, "आते, ती त्याच्यावरच बसलीय."

आत्या वाकली, फळीखाली बघितलं. "उतर."

"एकदा जाऊन येते."

"सवाष्नी खोळंबल्यात तिकडं. उतर म्हनते ना."

उतरले असते तर पुन्हा बसायला मिळालं नसतं. मी दगड काढला.

शेजारचा पोरगाही निघाला. चिंचेपर्यंत तो पुढे होता. तिथे त्याची गाडी सरकत बाहेर गेली, माझी आतून वळली. मी पहिली आले. पोरं ओरडेपर्यंत आत्या मागून पोचली आणि पाठीत दोन धपाटे बसले.

तिने खुंटी उपटली, डावं चाक निघालं. उजवं निघेना. पाचर मीच मारली होती, चांगली मारली होती. शेवटी आत्या चाकासकट मुसळ खांद्यावर घेऊन गावातून चालत गेली. वाटेत एक म्हातारी म्हणाली, "नवऱ्याकडची नवी तऱ्हा का गो ही?" आत्याने मुसळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

आईने मला मारलं नाही. कापलेला तुकडा कुठे आहे एवढंच विचारलं. तो चुलीत गेला होता. मग एक लांब, एक आखूड आणि आखूड मुसळाच्या डोक्यावर चाक, अशी ती जोडी बांधली आणि तशीच हळद कांडली. बहीण तोंडाला पदर लावून हसत होती. आई हसली नाही.

पावसाळ्याआधी भावाने सुताराकडून बाभळीचा कणा करून घेतला. एक चाक घट्ट, एक सैल. मला बोलवायला आला.

"कोन बसनार?" मी विचारलं.

"आता कना माझा हाय. तू ढकलायला ये."

मी गेले नाही. दुपारभर ओट्यावर आत-बाहेर करत होते. टेकडीवरून चाकांचा आवाज येत होता, तेव्हाही गेले नाही. शाळा त्याच वर्षी सुटली आणि मी मिठागरावर कामाला जाऊ लागले.